कोऱ्या तेलाच्या मॅडम

परवा आमच्या जावयांनी नवी मोटार घेतली. नारळ फोडून झाला, चाकाखाली लिंबू चिरडून झालं, पेढे वाटून झाले आणि मग त्यांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, तुमचा जन्म लॅबमध्ये गेला. हिच्यात तेल कोणतं टाकायचं? सगळ्यात चांगलं कोणतं?"

मी म्हणालो, "पाहुणे पोहे खाऊन उठले, आणि संसार कसा होईल ते मला विचारताय."

जावई गोंधळले. मुलगी मात्र आतून म्हणाली, "झालं, बाबांच्या अंगात भोर मॅडम आल्या."

आल्या होत्या खऱ्या. पुण्यात मुलीकडे राहायला आल्यापासून त्या अधूनमधून येतात. कुणी नुसत्या दिसण्यावरून एखाद्या गोष्टीला चांगलं-वाईट म्हणायला लागलं की माझ्या तोंडून त्यांचं वाक्य निघतं. वाक्य त्यांचं असलं तरी ते बोलायला लागणारी छाती माझ्याकडे नाही, म्हणून जावयासमोर बोलून घेतो.

मंचरला बाजारपेठेत, बियाणांच्या दुकानाच्या वर आमची लहानशी प्रयोगशाळा होती. मी मातीवाला. शेतकरी पिशवीत माती आणि बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन जिना चढायचे, मी तपासून द्यायचो. असं निवांत चाललेलं असताना इंदुमती भोर नावाच्या बाई आल्या आणि माझ्या शेजारच्या टेबलावर तेल आलं. त्या आधी पुण्याकडच्या एका मोठ्या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या. कंपनीने ती प्रयोगशाळा परराज्यात हलवायचं ठरवलं तेव्हा बाईंनी साहेबांना सांगितलं, "यंत्रं न्या. मी येत नाही." आणि भंगारात निघालेली थोडी काचेची उपकरणं विकत घेऊन त्या सरळ मंचरला आल्या. आमच्या मालकांना वाटलं, चला, हुद्द्यावरची बाई स्वस्तात मिळाली. बाई किती महाग पडतात ते त्यांना पुढे कळलं.

बुटकी, काटक मूर्ती, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या गोफात ओवलेलं स्टॉपवॉच. पहिल्यांदा येणाऱ्या बायका त्या काळ्या गोफाकडे बघून मंगळसूत्र समजायच्या आणि खाली घड्याळ लोंबताना पाहून गप्प व्हायच्या. त्या घड्याळाचं काम असं, की गरम कुंडात एक वाकवलेली काचेची नळी उभी असायची. तिच्यात तेल भरायचं आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. पातळ तेल झरझर उतरतं, जाड तेल रेंगाळतं. तेल उतरत असताना मॅडम कुणाशीही बोलत नसत. एकदा तालुक्यातले एक पुढारी बगलबच्च्यांसह आले, तर बाईंनी नळीवरची नजर न काढता नुसता हात वर केला. पुढारी हात वर केल्यावर टाळ्यांची सवय असलेले. पण इथे टाळी वाजेना, तेव्हा मुकाट्याने माझ्या मातीच्या पिशवीवर टेकले. पिशवी फुटली, ती गोष्ट वेगळी.

न वापरलेल्या तेलाला मॅडम 'कोरं' म्हणायच्या. आमच्याकडे येणारं सगळं तेल कोरंच असायचं, कारण लोकांना एकच हवं असायचं. गाडीत ओतायच्या आधी सांगा, चांगलं का वाईट. आणि मॅडम नेमकं तेवढंच सांगत नसत. घट्टपणा किती, किती तापल्यावर पेट घेईल, किती थंडीत गोठेल, इंजिनात तयार होणारं आम्ल मारायची ताकद किती, हे सगळं त्या सांगत. तेलात मिसळलेल्या जस्त-कॅल्शियमसाठी नमुना पुण्याला पाठवून त्याचेही आकडे देत. शेवटी एकच ओळ असायची, डब्यावर लिहिलंय ते डब्यात आहे किंवा नाही. माणूस कागद उलटून मागे काही लिहिलंय का बघायचा आणि विचारायचा, "पण मॅडम, चांगलंय का?"

"पाहुणे पोहे खाऊन उठले, आणि संसार कसा होईल ते मला विचारताय."

हे वाक्य कुठून आलं ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. चहाही कोराच प्यायच्या. तरुणपणी त्यांना बघायला आळेफाट्याकडची मंडळी आली होती. चालून दाखव झालं, वाचून दाखव झालं, पोहे झाले. मुलाच्या मामांनी मोठ्या मनाने विचारलं, "मुलीला काही विचारायचंय का?" बाईंनी मुलाकडे बघून विचारलं, "तुम्ही तापल्यावर काय करता?" मुलगा मामांकडे बघायला लागला, मामा छताकडे. बाईंच्या थोरल्या भावाने, दादांनी, डोळे वटारले. बाई म्हणाल्या, "कोरे असताना सगळेच बरे दिसतात, म्हणून विचारलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पोहे चांगले झाले होते म्हणाले."

बाई हे हसत सांगत होत्या, पण मला त्यात हसण्यासारखं फारसं काही वाटलं नाही. असा प्रश्न विचारायला त्या खोलीत किती बळ लागलं असेल, ते ज्याने मुलगी दाखवली आहे त्याला विचारा. त्यानंतर मंडळी आलीच नाहीत. बाईंनीही कुणाची वाट पाहिली नाही. आणे गावात दादांचं घर, तेच त्यांचं घर. दर शनिवारी एसटीने पठार चढायच्या आणि सोमवारी सकाळी भाकरी बांधून परत यायच्या.

आण्याचं आणखी एक त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. तिथल्या यात्रेत मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या येतात आणि हजारो माणसं पंगतीला बसतात. मॅडमचे वडील त्या कढईवर असायचे. ढवळल्याशिवाय कुणी आमटी चाखली तर हातावर पळी मारायचे. वरची तर्री चाखून म्हणायचं तिखट, तळातली चाखून म्हणायचं घट्ट, असली चव त्यांना चालत नसे. मॅडम तेलाच्या बॅरलपाशी उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडून तेच निघायचं. "आधी ढवळा."

आणि भांडं कशाचं हे बघायच्या. एका द्राक्षबागायतदाराने आणलेल्या तेलात भरमसाट तांबं निघालं. गडी दुकानदाराचा गळा धरायला निघाला होता. मॅडमनी त्याला जिन्यात गाठून विचारलं, "बाटली कशाची होती?" बाटली मोरचुदाची होती, बागेवर फवारायच्या तांब्याच्या औषधाची. घरात रिकामी होती, स्वच्छ दिसत होती, म्हणून भरली. आपल्याकडे रिकामी बाटली टाकून द्यायची म्हणजे पाप, त्याला गडी तरी काय करणार.

आता मूळ गोष्ट. थंडीचे दिवस होते आणि नारायणगावच्या बाजारात माल वाहणाऱ्या पिकअपची इंजिनं एकामागून एक जाम व्हायला लागली होती. सगळ्यांनी तेल एकाच ठिकाणचं टाकलेलं, गुलाबशेठ नावाच्या विक्रेत्याचं. त्याने नुकतंच नव्या इंजिनांसाठीचं पातळ तेल आणलं होतं. एका सकाळी ड्रायव्हरांचा घोळका आमचा जिना चढला. सगळ्यांत पुढे सोपान, मॅडमचा भाचा, दादांचा मुलगा. त्याने एक बाटली टेबलावर आदळली.

"आत्या, हे बघ. तेल हाय का पानी? बोटावं घेतलं तरी ऱ्हात न्हाई. माझं इंजान गेलं. भेसळ हाय असं लिहून दे, मग शेठला बगतो आमी."

मॅडमनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला. "ही कशाची?"

"औषदाची. धुतलीया."

त्यांनी बाटली उचलून खिडकीत ठेवली. "चल. गोदामात जाऊ. मी स्वतः काढते."

ड्रायव्हरांच्याच पिकअपमध्ये पुढे बसून त्या नारायणगावला गेल्या. मी मागे टोमॅटोच्या क्रेटवर. त्यांनी गुलाबशेठकडे आधी अर्धं वापरलेलं बॅरल मागितलं, कारण भेसळ करणारा सील लागलेल्या बॅरलमध्ये करत बसत नाही. मग सीलबंदही मागितलं. दोन्ही ढवळून घेतली, स्वतःच्या कोरड्या बाटल्या भरल्या आणि सोपानला त्यांवर सही करायला लावली. ड्रायव्हर खूश झाले. आत्या आपलीच आहे, आता शेठचं काही खरं नाही, असं परतताना चाललं होतं. मला क्रेटवर सगळं ऐकू येत होतं आणि मला तेव्हाच पुढचं दिसायला लागलं होतं.

पुण्याहून आकडे आल्यावर मॅडमनी सगळ्यांना बोलावून घेतलं. उभ्या राहिल्या आणि एका दमात सांगितलं, "तेल बरोबर आहे. डब्यावर आहे तेच डब्यात आहे. भेसळ नाही. ते पातळ आहे कारण ते पातळच असायला हवं."

मग सोपान म्हणाला, "मंग इंजान काय देवानं जाम केलं?"

"ते कोरं तेल सांगत नाही. इंजिनातून काढलेलं तेल आण, ते सांगेल."

"ते कुठून आनू? जळकं ऑइल गोठ्याच्या मेढींला फासलं, वाळवी लागू नये म्हनून."

"मग मला इंजिनाचं माहीत नाही."

सोपान लालबुंद झाला होता. "शेठनं किती दिलं?"

मी उठून उभा राहिलो. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "आत्या म्हणून विचारतोस का गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हनून."

"मग खाली पैसे भर आणि कागद घेऊन जा. आत्या म्हणून विचारलं असतंस तर कानाखाली बसली असती."

ड्रायव्हर जिना उतरले ते शिव्या देतच. दुसऱ्याच दिवशी गुलाबशेठ हजर, हातात पेढ्यांचा पुडा. त्याला पेठेत मोठा बोर्ड लावायचा होता, 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं सर्वोत्तम तेल'. खाली मॅडमचं नाव. आमचे मालकही बरोबर उभे, लॅबचं नाव होईल म्हणून. मी एक पेढा तोंडात टाकला होता. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की तो ना गिळवेना ना थुंकवेना.

"सर्वोत्तम कुठे म्हटलंय मी?"

"मॅडम, बरोबर हाय म्हनलात ना. म्हंजे चांगलंच की."

"बरोबर म्हणजे खोटं नाही एवढंच. इंजिनात वर्षभर घातल्यावर ते काय करेल ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. माझं नाव बोर्डावर दिसलं तर मी बोर्डाखाली खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगेन."

"अहो, पन मी तुमच्या बाजूचा मानूस."

"माझ्या बाजूला मी एकटी आहे. पेढे घेऊन जा. यांनी खाल्लेला एक राहू दे."

शेठ गेला. मालक दार लावून घेऊन बराच वेळ बोलत होते. धंदा, लोक, चार माणसं धरून राहणं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढून टाकताय का? तसं असेल तर नळ्या माझ्या आहेत, त्या पेंढ्यात बांधायला मला वेळ लागेल." मालकांनी काढून टाकलं नाही. तेलाचं दुसरं माणूस त्यांना मिळालं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पण खरा घाव शुक्रवारी बसला. दादांचा फोन आला. दादा कानाने कमी, म्हणून बोलणं मोठं. मातीच्या टेबलापर्यंत शब्द न् शब्द येत होता. "आपल्या पोराचं वाटुळं केलं तू. भेसळ निघाली असती तर शेठ इंजान बांधून देनार व्हता. आता उद्या यायचं न्हाई. यात्रंलाबी घरी यायचं न्हाई. तुला उंबरा बंद."

मॅडमची इतक्या वर्षांत कमावलेली पुणेरी भाषा त्या क्षणी गळून पडली. "उंबरा बंद करा दादा, घर तुमचंय. पंगत बंद करता येती का तेवडं बगा."

फोन ठेवून त्यांनी नळीत तेल भरलं. घड्याळाचं बटण दाबलं, पण तेल खालच्या खुणेवरून उतरून गेलं तरी ते थांबवायचं त्यांना भान राहिलं नाही. हे मी एकदाच पाहिलं. त्या शनिवारी त्या आण्याला गेल्या नाहीत. खोलीवर राहिल्या, आणि कोऱ्या चहावर दिवस काढला असावा असं मला वाटतं. मला वाईट वाटलं, आणि दादांचा रागही आला. तो अजून गेलेला नाही.

सोमवारी सकाळी मी लॅबवर पोचलो तर जिन्याच्या पायऱ्यांवर काळंकुट्ट जळकं तेल ओतलेलं. दुकानदार, हमाल, सगळे बघत उभे. मॅडम आल्या. साडी सावरून खाली बसल्या, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"इतके दिवस वापरलेलं तेल मागत होते," त्या म्हणाल्या. "आलं की घरपोच."

त्यांनी बोट माझ्या नाकाशी धरलं. मी मातीवाला असलो तरी तो उग्र, गंधकाचा वास मलाही कळला. हा वास इंजिनाच्या तेलाला नसतो, गिअरच्या तेलाला असतो. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ड्रायव्हरांना शेठचं तेल पातळ वाटलं, म्हणून त्यांनी त्यात ट्रॅक्टरच्या गिअरचं जाडजूड तेल ओतलं होतं, तेल दमदार व्हावं म्हणून. पाहुणा वाढला की आमटीत पाणी घालतात, इथे पातळ आमटीत पीठ लावलं. पठारावरच्या थंडीत पहाटे गाडी चालू केली की ते घट्ट तेल इंजिनात वरपर्यंत चढतच नसणार.

"मॅडम, सुटलात तुम्ही," मी म्हणालो. "बाटली आणतो. भरा आणि लिहून टाका. सगळ्यांची तोंडं बंद होतील. दादांचंही."

"हा नमुना आहे का?"

"मग काय आहे?"

"पायरीवर सांडलेली घाण आहे. यात रस्त्याची धूळ आहे, लोकांच्या चपला आहेत. कुणाच्या इंजिनातलं, ते माहीत नाही. औषधाची बाटली मी घेतली नाही, मग पायरी कशी घेऊ?"

"अहो, पण वास?"

"वास मला आला. कागदावर लिहिण्याजोगं त्यात काही नाही."

मी चिडलो. हातात आलेला घास कुणी असा टाकतं का, असं बरंच बोललो. बाईंनी माझ्या टाकाऊ मातीच्या पिशव्या आणवल्या आणि त्या तेलावर पसरल्या. निदान माती तरी कामाला आली म्हणाल्या. मग हात धुऊन त्या पिकअप उभ्या राहतात त्या नाक्यावर गेल्या. मीही मागोमाग गेलो, न जाणो कुणी अंगावर आलं तर.

ड्रायव्हरांनी त्यांना पाहून तोंडं फिरवली. बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुणी काय केलं ते मी विचारत नाही. इंजिनात गिअरचं तेल ओतू नका. जाड म्हणजे चांगलं असं नसतं. पठारावर पहाटे जाड तेल वर चढत नाही. एवढंच सांगायला आले होते." सोपान टपरीच्या आड उभा होता. त्या त्याच्याकडे न बघता परत फिरल्या.

नंतर लवकरच मी लॅब सोडली आणि इकडे आलो. मॅडम अजून तिथेच तेल तपासतात असं कळतं. त्यामुळे मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन आण्याच्या यात्रेतलं. आमटी मला प्रिय, आणि त्या एकट्या जाणार हे मला सहन होईना, म्हणून गेलो. दादांच्या घरावरूनच वाट जाते. दारात मॅडमची वहिनी उभी होती. मॅडम थांबल्या नाहीत. मान ताठ, हातात खोलीवरून आणलेला स्टीलचा डबा, पायात तेच कॅनव्हासचे बूट. सरळ जाऊन पंगतीत मधोमध मांडी घालून बसल्या. आजूबाजूच्या बायका थोड्या सरकल्या. जागा करून द्यायला सरकल्या की लांब व्हायला, ते मला ठरवता आलं नाही.

कढईपाशी दादा पाठ करून उभे होते. वाढपी बादल्या घेऊन निघाले आणि आमच्या रांगेला नेमका सोपान आला. एकेक पान वाढत तो जवळ येत गेला तशा रांगेतल्या माना इकडे वळत गेल्या. मॅडमसमोर येऊन तो थांबला. पळी बादलीतच, नजर डब्यात.

"आत्या," तो म्हणाला, "पातळ चालंल ना? गाडीत बी आता पातळच टाकतो मी. नुसतं."

त्या 'नुसतं'वर आवाज थोडा घसरला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. वर तर्री तरंगत होती.

"आधी ढवळ," त्या म्हणाल्या. "खालचं वर येऊ दे. मग वाढ."

सोपानने बादली खाली टेकवली, पळी तळापर्यंत घातली आणि गुडघ्यावर बसून ढवळायला लागला. मॅडमनी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि बटण दाबलं.